हरकतीची जागा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची व्याख्या सामान्यतः परवान्याच्या अंगाने केली जाते. ज्या प्रणालीचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि बदललेल्या रूपात पुन्हा इतरांना देता येतो, ती प्रणाली मुक्तस्रोत होय. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ग्नू प्रकल्प, १९८९ साली आलेला जीपीएल हा परवाना आणि १९९८ साली रूढ झालेले ‘ओपन सोर्स’ हे नाव हे या व्याख्येमागचे टप्पे परिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे आवश्यक नाही. या पद्धतीने अनेक वर्षे काम केलेल्या माणसाला त्या कामाचे वैशिष्ट्य विचारले, तर परवान्याचा उल्लेख तो बहुधा शेवटी करील. त्याआधी तो एक सवय सांगेल: कोणताही बदल सुचवायचा तर त्याचे कारण लिहायचे, कारण लिहिले की त्यावर कोणीतरी हरकत घेणार हे धरून चालायचे, आणि हरकत आली की ती मजकुरावर आली आहे असे मानून तिला लेखी उत्तर द्यायचे. पुण्यातील सॉफ्टवेअर व्यवसायात या कामाशी दीर्घकाळ संबंध आलेल्या प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की सहकार्य आणि चिकित्सा या गोष्टी एरवी एकमेकींच्या आड येतात असे मानले जात असले, तरी येथे त्या एकाच पायावर उभ्या राहतात, आणि तो पाया म्हणजे हरकतीला दिलेली निश्चित, लेखी आणि टिकाऊ जागा.

या पायाचे सर्वांत मूलभूत साधन गिट हे आहे. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, २००२ पासून बिटकीपर नावाच्या खासगी मालकीच्या प्रणालीत सांभाळला जात होता. २००५ साली तिच्या विनामूल्य वापराची सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले आणि थोड्याच अवधीत कर्नलचे काम त्यावर सुरू झाले. गिट ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली आहे. प्रकल्पातील फायलींमध्ये कोणी, केव्हा आणि नेमका काय बदल केला याची ती सलग साखळी ठेवते. साखळीतील एका कडीला कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटची ओळखसंख्या तिच्या आशयावरून आणि तिच्या आधीच्या कमिटवरून काढलेली असते, त्यामुळे एखादी जुनी नोंद गुपचूप बदलली तर तिच्या पुढच्या सर्व ओळखसंख्या बदलतात आणि ज्याच्याजवळ आधीची प्रत आहे अशा कोणालाही ती लबाडी ओळखता येते. अशा प्रती पुष्कळ असतात, कारण काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास उतरवलेला असतो.

महाराष्ट्रातील वाचकाला या व्यवस्थेचे रूप सातबाऱ्याच्या फेरफारावरून चटकन ध्यानात येईल. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आलीच तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. आणि मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. बदल सुचवणे, तो सर्वांसमोर मांडणे, हरकती ऐकणे आणि मग अधिकृत प्रतीत मिसळणे, म्हणजे मर्ज करणे, हा क्रम मुक्तस्रोत प्रकल्पातही असाच चालतो. फरक दोन आहेत. फेरफारावरची हरकत हितसंबंध असणाऱ्यानेच घ्यायची असते, तर मुक्तस्रोतात ती कोणीही, स्वतःचा कसलाही संबंध न दाखवता, घेऊ शकतो. दुसरे असे की फेरफाराचे कारण खरेदीखत किंवा वारसनोंद अशा ठरलेल्या साच्यात येते, तर कमिटचे कारण प्रत्येक वेळी नव्याने, सलग गद्यात लिहावे लागते, आणि खरी शिस्त इथूनच सुरू होते.

नवखा माणूस कमिटच्या संदेशात बहुधा ‘चूक दुरुस्त केली’ एवढेच लिहितो. कोणती चूक, ती कोणाला कशी दिसत होती, ती कशामुळे घडत होती, आणि दुरुस्तीचे दुसरे मार्ग असताना हाच का निवडला, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. कर्नलच्या मार्गदर्शक दस्तऐवजात याउलट अपेक्षा ठेवलेली आहे: आधी अडचण सांगावी, तिचा वापरकर्त्याला होणारा त्रास सांगावा, मग उपाय सांगावा, वेग वाढल्याचा दावा असेल तर आकडे द्यावेत, आणि एका पॅचमध्ये, म्हणजे सुचवलेल्या बदलाच्या एका संचात, एकच तर्कसंगत बदल ठेवावा. ही अपेक्षा प्रथम जाचक वाटते. काही महिन्यांनी तिचा एक अनपेक्षित उपयोग लक्षात येतो, तो असा की कारण लिहिता लिहिता पुष्कळदा असे आढळते की कारणच नाही: जी अडचण सोडवायची होती ती दुसरीकडेच आहे, किंवा ती अडचण नसून कोणाची तरी गैरसमजूत आहे. असे पॅच कोणाकडे पाठवण्याआधीच रद्द होतात, त्यांची गणना कोठेही होत नाही, आणि तरीही या शिस्तीचे सर्वांत मोठे फळ कदाचित तेच असावे.

इतिहास असा नीट लिहिलेला असेल तरच त्यावर चालणारी दुसरी साधने कामाला येतात. त्यांपैकी गिट बायसेक्ट हे साधन विचारपद्धतीच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. एखादी गोष्ट सहा महिन्यांपूर्वी चालत होती आणि आज चालत नाही, मधल्या काळात १,००० कमिट झाल्या, तर दोषी कमिट कशी शोधावी? अनुभवी माणसाचा कल अंदाज बांधण्याकडे असतो, आणि अंदाजात बहुधा ज्याच्याविषयी आधीच नाराजी आहे अशा सहकाऱ्याचे काम पहिले येते. बायसेक्ट हा कल बाजूला ठेवायला लावते. ते मधली कमिट काढून देते, माणसाने फक्त ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढेच सांगायचे असते, दर उत्तरासरशी उरलेला पल्ला निम्मा होतो, आणि १,००० कमिटमधून दोषी कमिट साधारण १० चाचण्यांत सापडते. सापडलेली कमिट अनेकदा कोणाच्याही संशयात नसलेली, कधी खुद्द शोधणाऱ्याचीच, असते. मात्र एकेका कमिटमध्ये पाच असंबद्ध बदल कोंबलेले असतील तर कमिट सापडूनही कारण सापडत नाही; एका पॅचमध्ये एकच बदल हा नियम म्हणजे नुसता टापटिपीचा आग्रह नव्हे, हे त्या वेळी कळते.

पॅच पाठवल्यानंतर परीक्षण होते. हा भाग बाहेरून पाहणाऱ्याला सर्वांत कमी दिसतो. परीक्षक बदललेल्या ओळी मूळ ओळींशेजारी ठेवून वाचतो. या तुलनात्मक दर्शनाला डिफ म्हणतात. तो विशिष्ट ओळीवर शंका लिहितो, आणि शंकेचे निरसन होईपर्यंत तो धागा उघडा राहतो. कर्नलच्या प्रथेत यासाठी वेगवेगळ्या शिक्क्यांची योजना आहे आणि ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ २००४ साली, कर्नलमधील कोडच्या मालकीवरून खटलेबाजी सुरू असतानाच्या काळात, आली. तिचा अर्थ एवढाच की हा मजकूर देण्याचा हक्क आपल्याला आहे असे पाठवणारा जाहीर करतो. ‘अॅक्ड-बाय’ म्हणजे संबंधित विभागाच्या जाणकाराने बदल पाहिला असून त्याची त्याला मान्यता आहे. त्याने प्रत्येक ओळ तपासली असेलच असे नाही. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे बदल प्रत्यक्ष चालवून पाहिला. ‘रिव्ह्यूड-बाय’ हा शिक्का सर्वांत जड, कारण तो देणारा असे विधान करत असतो की तांत्रिक तपासणी केली, सापडलेल्या शंका पाठवणाऱ्याला कळवल्या, त्यांची उत्तरे समाधानकारक वाटली आणि आता बदल घेण्यायोग्य आहे. दोष दाखवून देणाऱ्यासाठीही ‘रिपोर्टेड-बाय’ ही स्वतंत्र ओळ आहे, म्हणजे चूक काढणे हेही श्रेय मिळण्याजोगे काम ठरते.

एरवीच्या सामूहिक कामात ‘सर्वांनी पाहिले आहे’ हे वाक्य जितके वापरले जाते तितके ते पोकळ असते. कागद फिरतो, प्रत्येक जण सही करतो, आणि प्रत्येक सहीचा अर्थ आधीच्या सहीवर भरवसा ठेवला इतकाच असतो. सहमतीचे असे प्रकार पाडले की हा भरवसा उघडा पडतो, कारण चालवून पाहिले पण वाचले नाही, किंवा वाचले पण चालवले नाही, हे सांगणे मग कमीपणाचे राहत नाही. हे शिक्केही झिजतात, हे खरे. अनेक कंपन्यांच्या अंतर्गत परीक्षणात ‘एलजीटीएम’, म्हणजे ‘लुक्स गुड टू मी’, ही चार अक्षरे ५०० ओळींच्या बदलावर दोन मिनिटांत उमटतात आणि १० ओळींच्या बदलावर मात्र तासभर काथ्याकूट होतो, कारण १० ओळी डोक्यात मावतात. मोठा बदल तुकड्यांत पाठवण्याचा आग्रह परीक्षकाच्या या मर्यादेसाठी आहे.

परीक्षणाची ही रीत आपल्याकडच्या कार्यालयांत आली तेव्हा तिची गाठ वेगळ्याच गोष्टीशी पडली. आयटी व्यवसायाबरोबर पुण्या-मुंबईत वरिष्ठाला नावाने हाक मारण्याची प्रथा आली, पण हाक बदलली तरी भीड तशीच राहिली. बैठकीत वरिष्ठाने आराखडा मांडला की माना डोलतात, आणि शंका नंतर चहाच्या टपरीवर, तीही तिऱ्हाइताजवळ, निघतात. डिफवरची लेखी शंका या भिडेला अंशतः वळसा घालते. ती एका ओळीला चिकटलेली असते, तिला प्रश्नाचे रूप देता येते, लिहिणाऱ्याला शब्द निवडायला वेळ मिळतो, आणि समोरच्यालाही चारचौघांत लगेच बचाव करावा लागत नाही. वरिष्ठाच्या पॅचमधील एखादी सीमास्थिती, म्हणजे यादी रिकामी असेल किंवा संख्या शून्य असेल अशी कडेची परिस्थिती, सर्वांत नव्या मुलीने दाखवून द्यावी आणि वरिष्ठाने ‘बरोबर आहे, बदलतो’ एवढे लिहून ओळ बदलावी, हा प्रसंग एकदा सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला की पुढच्या शंका आपोआप येऊ लागतात. उलट, वरिष्ठाने तीच शंका उत्तर न देता बंद केली, तर साधन कितीही चांगले असले तरी ती शेवटची शंका ठरते.

परखडपणासाठी कठोर भाषा लागतेच, असा एक समज या क्षेत्रात दीर्घकाळ होता, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणून खुद्द टॉरवाल्ड्स यांच्या उत्तरांकडे बोट दाखवले जाई. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करून काही काळ कामातून विश्रांती घेतली, आणि त्याच सुमारास कर्नल प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर कर्नलची तपासणी सैल पडली असे म्हणायला आधार दिसत नाही. अपमान आणि हरकत या गोष्टी वेगळ्या काढता येतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

परीक्षक जाणकारच असावा, हा आणखी एक समज. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे ध्वनिचित्रपाठ तयार होतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत येतात. तेथे पाठाची संहिता विषयतज्ज्ञाखेरीज एखाद्या नवशिक्याकडूनही तपासून घेतली जाते. त्याने संहितेबरहुकूम एकेक पायरी करून पाहायची आणि जिथे अडेल तिथे तसे सांगायचे. तज्ज्ञाचे मन गाळलेली पायरी नकळत भरून काढते, त्यामुळे ती गाळली आहे हे त्याला दिसतच नाही.

एका बदलावरच्या हरकतीचे असे निरसन होते, पण प्रकल्पाच्या दिशेविषयीच्या निर्णयांना वेगळी रीत लागते. तिचा उगम मुक्तस्रोत ही संज्ञा येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटचे नियम ठरत असताना स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये पहिला ‘आरएफसी’, म्हणजे अभिप्रायासाठी खुला केलेला मसुदा, लिहिला, आणि इंटरनेटचे तांत्रिक नियम आजही त्याच नावाच्या दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात. हे नियम ठरवणारी आयईटीएफ ही संस्था मतदान टाळते. सभेतील कल अजमावायचा तर उपस्थितांना गुणगुणायला सांगितले जाते. २०१४ च्या ७२८२ क्रमांकाच्या आरएफसीमध्ये या प्रथेचे विवेचन आहे. त्यातील विचार असा की सर्वांना निर्णय आवडला म्हणजे सहमती झाली असे नव्हे. प्रत्येक हरकतीचा खरोखर विचार होऊन तिला उत्तर मिळाले म्हणजे ढोबळ सहमती झाली. म्हणून १०० लोक बाजूने आणि ५ विरुद्ध असूनही सहमती नसू शकते, कारण त्या पाचांची हरकत अनुत्तरित असेल. आणि ५ बाजूने व १०० विरुद्ध असूनही ती असू शकते, कारण त्या शंभरांनी उत्तर मिळालेली एकच हरकत पुन्हा पुन्हा मांडली असेल. बहुमत म्हणजेच निर्णय अशा सवयीत वाढलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, आणि राज्यकारभाराला ते जसेच्या तसे लागूही पडणार नाही, कारण तेथे प्रत्येक मताला स्वतःचे मूल्य असते. पूल टिकेल की नाही अशा प्रकारच्या प्रश्नांना मात्र डोकी मोजून उत्तर मिळत नाही.

अपाची प्रतिष्ठानाच्या प्रकल्पांत हीच कल्पना अंकांत उतरली आहे. तेथे ‘अधिक एक’ म्हणजे संमती आणि ‘उणे एक’ म्हणजे विरोध. कोडच्या बदलावर अधिकारप्राप्त सदस्याचा एकही उणे एक पडला तर तो नकाराधिकार ठरतो, परंतु त्यासोबत तांत्रिक कारण दिलेले नसेल तर तो ग्राह्य धरला जात नाही. विरोधाला एवढे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याला कारणाची अट, ही जोडी संस्थांच्या घटना लिहिणाऱ्यांनी पाहण्यासारखी आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मोठे बदल ‘पेप’ नावाच्या प्रस्तावांतून होतात. २००० पासून चालत आलेल्या या प्रथेत प्रस्तावाच्या साच्यातच नाकारलेल्या कल्पनांचे प्रकरण असते, आणि कोणत्या पर्यायाचा विचार झाला व तो का सोडला हे तेथे लिहायचे असते. जुने पेप वाचताना हेच प्रकरण सर्वांत उपयोगी पडते असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे, कारण स्वीकारलेला पर्याय भाषेत दिसतोच, सोडलेला दुसरीकडे कोठेही दिसत नाही. आणि तो दिसत नाही म्हणूनच दर दोन वर्षांनी कोणीतरी तो नवा म्हणून घेऊन येतो. रस्ट या भाषेच्या प्रस्तावांचा साचा आणखी पुढे जातो. त्यात प्रस्तावाचे तोटे, पर्याय, इतरत्र झालेले पूर्वकार्य आणि न सुटलेले प्रश्न अशी स्वतंत्र शीर्षके प्रस्तावकाने स्वतः भरायची असतात. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच बाजूने मांडून मग आपला पक्ष सांगण्याची शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची शिस्त ज्यांना माहीत आहे, त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. अर्थात साच्यामुळे प्रामाणिकपणा येतोच असे नाही. ‘तोटे’ या शीर्षकाखाली ‘भाषा किंचित मोठी होईल’ एवढेच लिहून मोकळे होणारे प्रस्तावक पुष्कळ भेटतात, आणि पूर्वपक्ष मुद्दाम दुबळा मांडण्याची युक्ती शास्त्रकारांनाही अपरिचित नव्हती.

या सगळ्याची किंमत माणसांना मोजावी लागते. २०१८ साली ५७२ क्रमांकाच्या पेपवर, म्हणजे एका लहानशा नव्या चिन्हावर, इतका प्रदीर्घ वाद झाला की तो स्वीकारल्यानंतर जुलै महिन्यात पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी अंतिम निर्णायकाचे पद सोडले. पुढे पायथनची सूत्रे निवडून आलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे गेली. हरकतीला जागा असावी हे मान्य केले तरी एकच माणूस किती हरकतींना उत्तर देऊ शकतो, हा प्रश्न उरतोच.

वाद आकृतीत मांडून त्याची धार टिकवावी आणि दाह कमी करावा, असे प्रयत्नही झाले आहेत. होर्स्ट रिटेल आणि व्हेर्नर कुंझ यांनी १९७० साली ‘आयबिस’ नावाची पद्धत मांडली, तिच्यात चर्चेचे प्रश्न, त्यांवरच्या भूमिका आणि भूमिकांच्या बाजूचे व विरुद्धचे युक्तिवाद असे तीन घटक पाडून त्यांचे जाळे काढले जाते. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीशी निगडित असलेले कम्पेंडियम हे मुक्तस्रोत साधन याच धर्तीवर चालते. कल्पना सुरेख आहे. प्रत्यक्ष कामात मात्र असे नकाशे फार काळ तग धरत नाहीत, कारण काम एकीकडे चाललेले असते आणि नकाशा दुसरीकडे, वेगळे कष्ट घेऊन काढावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात नकाशा मागे पडतो आणि पाचव्या आठवड्यात तो कोणी उघडत नाही. कामाच्या वाटेतच बसलेली हरकतीची जागा टिकते.

वेगळ्या वाटेने गेलेले साधन म्हणजे पोलिस, खात्याशी संबंध नसलेले. या मुक्तस्रोत साधनात सहभागी माणूस छोटी विधाने लिहितो किंवा इतरांच्या विधानांवर सहमत, असहमत किंवा पुढे जा एवढेच सांगतो. दुसऱ्याच्या विधानाला उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. मतांच्या सारखेपणावरून लोकांचे गट पाडून, एरवी भिन्न असलेल्या गटांना कोणती विधाने समान मान्य आहेत, हे ते दाखवते. तैवानमध्ये २०१४ च्या सूर्यफूल आंदोलनानंतर उभ्या राहिलेल्या व्हीतैवान या उपक्रमात २०१५ साली उबरसारख्या सेवांच्या नियमनावर असा विचारविनिमय झाला आणि त्यातून निघालेल्या समान मागण्यांचा पुढील नियमांवर प्रभाव पडला. पण निर्णय सरकारनेच घ्यायचा असल्यामुळे सरकार ऐकायला तयार असेल तेवढीच या साधनाची पोहोच. शिवाय उत्तराची सोय काढून टाकणे म्हणजे युक्तिवादाचा पुढचा टप्पाही काढून टाकणे. मान्यतेचा नकाशा त्यातून मिळतो, चुकीच्या विधानाची दुरुस्ती मिळत नाही.

आता या पद्धतीच्या दुखऱ्या जागेकडे वळले पाहिजे. एरिक रेमंड यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस असा सिद्धान्त लोकप्रिय केला की पाहणारे डोळे पुरेसे असतील तर प्रत्येक दोष उथळच ठरतो, आणि त्याला टॉरवाल्ड्स यांचे नाव दिले. यातील ‘असतील तर’ हे दोन शब्द वाचणारे फार थोडे. इंटरनेटवरील सुरक्षित संपर्कासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०११ च्या अखेरीस एक बदल दाखल झाला. त्यात समोरच्याने पाठवलेल्या मजकुराची सांगितलेली लांबी आणि खरी लांबी यांची पडताळणी राहून गेली होती, त्यामुळे एका विनंतीसरशी सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग बाहेर काढता येई. हा बदल परीक्षणातून गेला होता, कोड सर्वांना खुला होता, आणि तरीही त्यातला दोष हार्टब्लीड या नावाने एप्रिल २०१४ मध्येच उघड झाला. अर्धे इंटरनेट ज्यावर विसंबून होते तो प्रकल्प मूठभर माणसे चालवत होती.

डेबियन या लिनक्स वितरणातले २००८ साली उघड झालेले प्रकरण त्याहून बोधक आहे. तपासणीच्या एका साधनाने ओपनएसएसएलच्या काही ओळींवर इशारा दिला म्हणून २००६ साली डेबियनच्या बाजूने त्या ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. तसे करण्याआधी मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलेही होते आणि उत्तरात कोणी ठाम विरोध केला नव्हता. त्या ओळींवर यादृच्छिकता, म्हणजे गुप्त किल्ल्यांचा अंदाज लागू न देणारी अनिश्चितता, अवलंबून होती. ती गेल्यामुळे एका प्रकारच्या किल्ल्यांचे पर्याय सुमारे ३२ हजारांवर आले, म्हणजे साध्या संगणकाला ते सगळे पडताळून पाहता येऊ लागले. येथे पद्धतीची प्रत्येक पायरी दिसायला पाळली गेली होती: इशारा होता, विचारणा होती, उत्तर होते. परंतु विचारणेत संदर्भ अपुरा होता आणि उत्तर देणाऱ्यांना हा बदल प्रत्यक्ष वितरणात जाणार आहे याची कल्पना नव्हती. विचारल्याची नोंद आणि समजून उत्तर दिल्याची नोंद यांत कोणत्याही साधनाला भेद करता येत नाही.

२०२४ साली तर हल्ला या विश्वासावरच झाला. फायली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअर लायब्ररीचा भार प्रामुख्याने एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता; जिआ तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त पॅच देऊन त्याचा विश्वास मिळवला, तर इतर नावांनी त्याच्यावर जबाबदारी वाटून देण्यासाठी दबाव आणला गेला. सह-देखभालीचा अधिकार मिळाल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवण्यात आले. ते उघडणारा बांधणीतील नेमका तुकडा गिटच्या इतिहासात नव्हताच. तो वितरणासाठी बनवलेल्या गठ्ठ्यात होता, आणि परीक्षण करणारे गठ्ठा न वाचता इतिहास वाचतात. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना वेगमापन करताना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करायला, सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, आणि त्याचा माग काढत त्यांनी २९ मार्चला हा प्रकार जाहीर केला. त्यांना कोणी परीक्षणासाठी नेमले नव्हते. मुक्ततेने त्यांना पाहण्याची संधी दिली हे खरे, पण अर्ध्या सेकंदाचा हिशोब न लागल्याची बोच त्यांची स्वतःची होती.

या तिन्ही प्रकरणांत तुटवडा वाचणाऱ्याच्या वेळेचा होता, आणि तो आता वाढतो आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पॅच किंवा दोषाचा अहवाल लिहायला मिनिटे लागतात, तो खोटा ठरवायला मात्र पूर्वीइतकेच तास जातात. कर्ल या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ पासून अशा भारदस्त भाषेतील निराधार अहवालांविषयी वारंवार जाहीर तक्रार केली आहे. सुबक गद्यात लिहिलेले कारण ही आजवर विचार केल्याची खूण मानली जाई. ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही, आणि म्हणून परीक्षक मोठ्या विवेचनाऐवजी दोष पुन्हा घडवून दाखवणारी छोटी चाचणी मागू लागले आहेत. हा बदल प्रस्तुत लेखकाला योग्य वाटतो, जरी त्यामुळे चाचणी लिहू न शकणाऱ्या सामान्य वापरकर्त्याची खरी तक्रार दाराबाहेर राहण्याचा धोका आहे.

लहान चमूंमध्ये या सगळ्यातून जे रुजवता आले ते त्या मानाने साधे आहे. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली सुचवलेली निर्णयनोंदीची पद्धत, म्हणजे आराखड्याविषयीचा प्रत्येक मोठा निर्णय एक-दोन पानांच्या मजकुरात, परिस्थिती, निर्णय आणि परिणाम अशा क्रमाने लिहून कोडशेजारीच गिटमध्ये ठेवणे, ही पाळायला सोपी आणि वेगळ्या नकाशासारखी मागे न पडणारी आहे. त्यात नाकारलेल्या पर्यायांची जोड दिली की पेपचा बराचसा लाभ मिळतो. निर्णय बदलला तर जुनी नोंद खोडायची नसते, तिच्यावर ‘अमुक क्रमांकाच्या नोंदीने रद्द’ एवढे लिहायचे असते. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला या नोंदी वाचायला द्याव्यात आणि ज्या नोंदीतील परिस्थिती आता खरी राहिलेली नाही अशी निदान एक नोंद शोधून तिच्यावर लेखी हरकत घ्यायला सांगावे, असा प्रघात काही ठिकाणी पडला आहे. बहुतेकांना ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सापडते.